मेल्यावरचं हसू

मी मेले हे मला कपिलतीर्थ मार्केटात कळलं.

वांगी निवडत होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडले होते, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी. माझी नेहमीची भाजीवाली शेवंता खाली वाकून मिरच्या सारख्या करत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि तिच्या हातातलं तागडं खाली पडलं.

"आई अंबाबाई!" ती ओरडली. "अवं बाई, तुम्ही तर काल मेलासा की!"

"कोण, मी?"

"मग काय वो! रातच्या भागात. लई चांगलं मेलासा बघा. आमच्या घरात कुणाला घास गेला न्हाई. सासूबाई तर म्हणाल्या, असं मरण पाहिजे माणसाला."

आता मी कोण ते सांगायला हवं. मी मंदाकिनी शिर्के, नाटकात आणि पुढं मालिकांत कामं करणारी बाई. तेव्हा एका मालिकेत आत्याबाईंचं काम करत होते. मालिकेचं नाव सांगत नाही, त्यांची फुकटची जाहिरात माझ्या तोंडून नको. मालिका बंद पडली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हा घराघरांत चालायची आणि आत्याबाईंच्या नावानं बायका बोटं मोडायच्या. भाचेसुनेला छळणारी, कधी न हसणारी, दारात उभी राहून एक भुवई वर करणारी बाई. ती भुवई वर गेली की तीनदा ढॅण व्हायचं आणि जाहिराती लागायच्या.

मी ती मालिका बघत नसे. स्वतःचं तोंड बघायला घरातला आरसा पुरतो. त्यामुळं आदल्या रात्री मी कशी मेले याचा मला पत्ता नव्हता. मी तर गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून वरण-भात खात बसले होते.

"शेवंता, तू दुसरीच कुठली मालिका बघितली असशील."

"आता हे काय बोलणं! थांबा."

तिनं पदराला हात पुसला, मोबाईल काढला आणि वांग्यांच्या ढिगावर टेकवून ठेवला.

ती मीच होते. माझा चेहरा, माझं नाक, हनुवटीवरचा माझा तीळ. पलंगावर पडलेली, आत्याबाईंच्या त्या डाळिंबी लुगड्यात. सुनेचा हात हातात धरला होता आणि माझ्याच आवाजात बोलत होते, "सूनबाई, मला माफ कर. मी तुला कधी मुलगी मानू शकले नाही." मग डाव्या डोळ्यातून एक थेंब निघाला, एकच, आणि कुठं न अडखळता सरळ कानाकडं गेला. मान कलली. बासरी.

मी हे काम केलेलं नव्हतं. त्या खोलीत त्या पलंगावर मी मरायला कधी पडलेच नव्हते.

शेजारी शेवंता पुन्हा हुंदके द्यायला लागली. मी जिवंत, हाडामांसाची, तिच्या शेजारी काठी टेकून उभी, आणि ही बया मोबाईलकडं बघून माझ्यासाठी रडत होती! माझ्याकडं ढुंकून बघत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाजी तिथंच टाकली आणि मुकुंदाला फोन लावला.

मुकुंदा म्हणजे मुकुंद चिटणीस, आमच्या मालिकेचा दिग्दर्शक. पण ती नंतरची ओळख. आम्ही दोघं कोल्हापुरात राज्य नाट्यस्पर्धेच्या नाटकांत एकत्र वाढलो. तो मला ताई म्हणायचा आणि भाऊबीजेला ओवाळून घ्यायला पाटावर बसायचा. आत्याबाईंचं काम घेऊन तो घरी आला तेव्हा मी नाही म्हटलं होतं. म्हटलं, नुसत्या भुवया उडवायला मला कशाला नेतोस, बाहुली ने. तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, भुवया उडवा चार वर्षं. पण या बाईचं मरण मी तुमच्यासाठी राखून ठेवलंय. ज्या सुनेला छळलं तिच्यासमोर मरायचं. तसा सीन तुम्हाला आयुष्यात मिळाला नसेल."

खरंच मिळाला नव्हता. मी आयुष्यभर कुणाची आई, कुणाची मोलकरीण, कुणाची विधवा बहीण. त्या एका सीनसाठी मी चार वर्षं ढॅण-ढॅण सोसलं. जन्मात कुणाची माफी न मागितलेली बाई मरताना कशी मागेल, हे मी कुकरच्या शिट्ट्या मोजतामोजता ठरवलेलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. ऑपरेशनला जाताना मुकुंदा म्हणाला होता, "निर्धास्त जा. आत्याबाईंना काशीला पाठवतो. तुम्ही चालायला लागलात की परत आणतो."

फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही.

रिक्षा केली. शूटिंगचा बंगला केर्लीच्या अलीकडं, उसाच्या रानात. रिक्षावाला आरशातून सारखा माझ्याकडं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी, तुम्ही त्या आत्याबाईच न्हवं?"

"न्हवं," मी म्हटलं. "ती मेली."

बंगल्यात शिरले तर दिवाणखान्यात माझा फोटो. चंदनाचा हार, समोर समई, बाजूला पांढऱ्या चादरीवर सगळं कुटुंब बसलेलं. आत्याबाईंच्या तेराव्याचा सीन चालला होता. सून झालेली मृण्मयी समोर बसून डोळ्यांत ग्लिसरीन घालून घेत होती, तिनं मला बघितलं आणि तिची बाटलीच लवंडली. मेकअपवाली सुलभा भिंतीला टेकली. कुणी 'या' म्हणेना, कुणी 'बसा' म्हणेना. मी माझ्या फोटोसमोर काठी टेकून उभी राहिले.

"चालू द्या," मी म्हटलं. "मी पण येते पंगतीला. तेराव्याला काय केलंय, लाडू?"

मुकुंदा मॉनिटरमागून धावत आला. "ताई! तुम्ही कशाला उठून आलात? गुडघा..."

"गुडघ्याचं काय, मेलेल्या माणसाचा गुडघा दुखत नाही."

तेवढ्यात ऋजुता आली. ही वाहिनीनं पाठवलेली पोरगी, मालिकेत काय व्हायचं ते ठरवणारी. पायांत पांढरे बूट, काखेत लॅपटॉप. हिला मी चार वर्षांत कधी रागावलेली बघितली नाही आणि कधी लाजलेलीही नाही.

"मॅडम! आम्ही तुम्हाला कॉल करणारच होतो. अभिनंदन!"

"कशाबद्दल गं?"

"कालच्या भागाबद्दल. अख्ख्या वर्षात एवढी रेटिंग नव्हती. लोक वेडे झालेत. कमेंट्स वाचल्या का तुम्ही? 'मंदाकिनीताईंचं आजवरचं सर्वोत्तम काम.'"

"मग ज्यानं केलंय त्याला वाचून दाखव."

ती हसली. म्हणाली, "म्हणजे तुम्हीच केलंय ना मॅडम. चार वर्षांचं तुमचं सगळं फुटेज त्याला दिलं. तुमचा प्रत्येक क्लोजअप. एआयनं फक्त जोडलं."

"माझी हाडं घेऊन जोडली असती तरी तू हेच म्हणाली असतीस."

"करारात होतं मॅडम. चेहरा, आवाज, सगळं. तुम्ही सही केली आहे."

केली होती. आम्ही सगळेच करायचो, चहा पितापिता. पण सही केली म्हणून माणूस विचारायला येत नाही का? शेजाऱ्याची शिडी न्यायची तरी माणूस दारात येऊन 'नेऊ का' म्हणतो. मुकुंदा तर भाऊबीजेला माझ्या पाटावर बसलेला माणूस. मी त्याच्याकडं वळले.

"मुकुंदा, आत चल."

मेकअप रूममध्ये तो आला. ऋजुताही मागून आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. सुलभा आधीच आत होती आणि उगाच ब्रश पुसत होती.

"बोल," मी म्हटलं.

"ताई, वाहिनीनं ऐकलं नाही. आत्याबाई काशीला गेल्या आणि रेटिंग पडली. ते म्हणाले, संपवा तिला. आठवड्याच्या आत. तुम्ही तर पलंगावर. मी काय करणार होतो?"

"मला विचारणार होतास."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणून विचारलं नाहीस?"

तो आरशासमोरच्या डब्या सरळ लावायला लागला.

"मुकुंदा, मला चारजणांनी उचलून आणलं असतं ना, तरी मी आले असते. तसंही त्या सीनमध्ये झोपायचंच होतं की रे! गुडघा लागणार होता कुठं? मरायला गुडघा लागतो का?"

तो खाली बघत म्हणाला, "मी भांडलो ताई. खरंच भांडलो. ते म्हणाले, तुमच्या बाईंना आणलं तर डॉक्टर, ॲम्ब्युलन्स, विमा, सगळी भानगड. हे दोन दिवसांत होतंय. आणि नाहीतर बदली बाई आणतो म्हणाले. मला वाटलं, दुसरी बाई तुमच्या जागी मरण्यापेक्षा हे बरं. निदान चेहरा तरी तुमचा."

"बदली बाई आली असती तर मी तिला शिव्या घातल्या असत्या. तिनं मला उलट घातल्या असत्या. आता मी भांडू कुणाशी? हिच्या काखेतल्या डब्याशी?"

ऋजुतानं लॅपटॉप जरा घट्ट धरला.

मी खुर्चीत बसले. ठणका मांडीपर्यंत चढला होता. आणि बसल्याबसल्या अचानक माझ्या डोक्यात आलं ते वेगळंच.

आमच्या लाईनीत एक रीत आहे. कॅमेऱ्यासमोर कुणी मेलं की 'कट' झाल्यावर कॅमेरा बंद करायचा नाही. मेलेल्यानं उठायचं, कॅमेऱ्यात बघायचं आणि हसायचं. नाही हसलं तर ते मरण माणसाच्या मागं घरापर्यंत येतं म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण पाळतात सगळे. आणि मुकुंदा तर असला कट्टर, की एकदा एक म्हातारा नट मरण्याचा सीन देऊन गडबडीत एसटी गाठायला निघून गेला, तर यानं त्याच्यामागं गाडी पाठवली होती. बिचाऱ्याला स्टँडवरून परत आणून पलंगावर झोपवला, उठवला, हसवला, मग सोडला. नारळ फोडल्याशिवाय, लिंबू उतरवल्याशिवाय कॅमेऱ्याला हात न लावणारा हा माणूस. आणि त्यानं मला मारून तसंच सोडलं?

"मुकुंदा," मी विचारलं, "मग मी हसले का रे?"

आणि काय सांगू, त्याचा चेहरा उजळला! इतका वेळ खाली गेलेली मान वर आली.

"हसलात ताई! ते मी सोडलं नाही. तुमच्या जिवाशी खेळीन का मी? वाहिनीवाले मला हसत होते, म्हणत होते, फोटोला कसला अपशकुन. मी म्हटलं, ते काही नाही. बाईंचा चेहरा मेलाय, बाईंचा चेहरा हसला पाहिजे. भागात दाखवायला नाही, नुसतं रीतीसाठी. स्वतः बसून करून घेतलं."

"मशीनकडून?"

"मशीनकडूनच."

"पहिलं हसू बघून मी बाहेर पळाले होते," सुलभा मागून पुटपुटली. "दात तुमचे, पण हसू कुणाचं तरी भलत्याचं. रात्री झोप लागली न्हाई मला."

"हो, तो प्रॉब्लेम झाला होता," ऋजुता म्हणाली. "चार वर्षांत आत्याबाई एकदाही हसल्या नाहीत ना. मग ते शिकणार कशावरून? पण सरांनी नंतर मटेरियल दिलं आणि मग एकदम मस्त आलं. बघायचंय मॅडम?"

मुकुंदानं तिला थांबवायला हवं होतं. पण त्याला वाटत होतं, हे बघून माझा राग उतरेल. त्यानं स्वतःच लॅपटॉप उघडून माझ्यासमोर धरला.

डाळिंबी लुगडं. तोच पलंग. मेलेली मी डोळे उघडते, उठून बसते आणि हसते. आणि हे हसू खोटं नव्हतं. ते माझं होतं. माझं हसू चांगलं नाही, सगळ्या हिरड्या दिसतात आणि शेवटी घशात एक घरघर येते, म्हणून मी लग्नाकार्यातसुद्धा पदर तोंडाला लावते. तेच हसू. खांदे हलताहेत, डोळ्यांतून पाणी येतंय. आणि मग हसतहसतच त्या बाईनं डावा हात उचलला आणि बाजूला एक चापट मारली. तिथं कुणी नव्हतं. हात हवेत फिरला आणि खाली आला.

मी म्हटलं, "परत लाव."

तिनं परत लावलं. हात पुन्हा हवेत फिरला.

आणि मला ती गच्ची आठवली. मुकुंदाच्या नव्या घराची वास्तुशांत. जेवणं झाल्यावर आम्ही चारपाच जणं वर बसलो होतो आणि आमच्या ह्यांना मुकुंदानं आग्रह केला होता, शिर्केसाहेब, एक अनाउन्समेंट होऊ द्या. आमचे हे एसटीत कंट्रोलर. जन्मभर स्टँडवरच्या माईकवर बोललेला माणूस, घरीसुद्धा त्याच आवाजात बोलायचा. त्या दिवशी नाकाला हात लावून सुरू झाले, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. मंदाकिनीबाईंची भाकरी फलाट क्रमांक एकवर लागत आहे. करपलेल्या भागाची जबाबदारी महामंडळ घेणार नाही." मी एवढी हसले, एवढी हसले, की मला श्वास घेता येईना. आणि हसताहसता शेजारी बसलेल्या ह्यांच्या खांद्यावर मी चापट मारली होती.

त्यानंतरच्या दिवाळीत ह्यांच्या आजाराचं निदान झालं. पुढच्या उन्हाळ्यात गेले. मुकुंदानं खांदा दिला होता.

"हे कुठून आणलंस?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"माझ्या मोबाईलमध्ये होतं," मुकुंदा म्हणाला. "गच्चीवरचं. तुमचं दुसरं हसणं कुठं सापडेना ताई. तुम्ही हसताच कुठं कॅमेऱ्यासमोर?"

"आणि हे कुठं गेले?"

मुकुंदाला कळलं मी काय विचारतेय ते. ऋजुताला कळलं नाही, तिनं लगेच उत्तर दिलं.

"शेजारचे अंकल ना? त्यांना काढलं. त्यांचा खांदा तुमच्या फ्रेममध्ये येत होता, तो मागचा भाग भरून घेतला. त्यांचा आवाज पण तुमच्या हसण्यावर येत होता, तो साफ केला. बरंच काम होतं त्यात."

अंकल.

मला रडू आलं नाही. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली, की हातातल्या काठीनं तो लॅपटॉप, आरसा, त्या पोरीचे पांढरे बूट, सगळं फोडून टाकावं. मरणाचं मला एवढं लागलं नव्हतं. मरण माझं कामच होतं, आज नाही तर उद्या कुणीतरी चोरलंच असतं. पण हे? सगळ्या जगात माझं एकच खरंखुरं हसू कुठंतरी शिल्लक होतं, त्यातून ह्यांना खरवडून काढलं होतं, आणि मला एकटीला हवेत हात मारायला बसवलं होतं.

"ताई, तुमच्या भल्यासाठीच..." मुकुंदा म्हणाला. "तुम्हाला काही होऊ नये म्हणून. शिर्केसाहेब असते तर त्यांनीच दिला असता व्हिडिओ."

"त्यांचं नाव घेऊ नकोस," मी म्हटलं. "कॅमेरा लाव."

"म्हणजे?"

"आत्याबाईंची खोली लाव. मला मरायचंय. तो सीन तू मला देणं लागतोस."

ऋजुता मध्ये पडली, "मॅडम, आता ते एअर नाही करता येणार. त्या ऑलरेडी गेल्या आहेत."

"दाखवू नका. पुरून टाका. मला करायचंय."

मुकुंदानं तिच्याकडं बघितलं नाही. दारातून बाहेर ओरडला, "आत्याबाईंची खोली लाइटअप करा!" तेरावं थांबलं. माझ्या फोटोवरचा हार कुणीतरी घाईघाईनं काढून बाजूला ठेवला.

सुलभानं मला डाळिंबी लुगडं नेसवलं. एकदा हळूच म्हणाली, "बाई, नका करू. आधीच एकदा झालंय." मी म्हटलं, "गप बस आणि निऱ्या नीट घाल."

पलंगावर पडले. मृण्मयी शेजारी येऊन बसली. चांगली पोरगी होती, नुसती घाबरलेली. तिनं विचारलं, "मी काय बोलू?" तिला कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तुला जे येईल ते." मुकुंदा मॉनिटरमागं गेला. "ॲक्शन," म्हणाला.

मी सुनेचा हात धरला नाही. वर बघत पडून राहिले. ती जवळ आली तशी मी तोंड फिरवलं, जसं चार वर्षं फिरवत होते. मग बराच वेळ काही नाही, नुसता श्वास. आणि मग भिंतीकडं तोंड करूनच मी तिला विचारलं, "जेवलीस का?"

आमच्याकडं बायका माफी मागत नाहीत. हजार अपराध केलेल्या सासूच्या तोंडून शेवटी एवढंच निघतं.

मृण्मयी म्हणाली, "नाही, आत्याबाई."

"मग जा. जेव जा," मी म्हटलं. आणि श्वास सोडला तो परत घेतला नाही.

चांगलं झालं की वाईट, मला माहीत नाही. मॉनिटर मी बघितला नाही. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मृण्मयी नाक ओढत होती, पण ती तशीही रडते. ऋजुता दारात उभी राहून मोबाईलवर कुणाला तरी काहीतरी पाठवत होती. मी डोळे मिटून पडून होते आणि मला बरं वाटत होतं. जे चार वर्षं सांभाळलं होतं ते हातून झालं होतं.

"कट," मुकुंदा म्हणाला. मग रीतीप्रमाणं म्हणाला, "कॅमेरा चालू ठेवा. ताई, उठा. हसा."

मी उठले नाही.

"ताई, हसा."

मी डोळे उघडले, उठून बसले. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. मी त्यात सरळ बघितलं आणि तोंड मिटून बसून राहिले.

खोलीतल्या सगळ्यांना कळलं काय होतंय ते. लाईटवाल्यानं मान खाली घातली. सुलभानं तोंडाला पदर लावला. "बाई, हसा की वो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "असं करू नये."

मुकुंदा मॉनिटरमागून पुढं आला. "ताई, माझ्यावर राग काढा, दोन थोबाडीत मारा. पण हसल्याशिवाय उठू नका. हे बघा, हात जोडतो. मला झोप लागणार नाही."

मला ठाऊक होतं त्याला झोप लागणार नाही. त्या क्षणी मला तेच पाहिजे होतं. आज एवढ्या वर्षांनी विचाराल तरी मी तेच सांगेन, मला तेच पाहिजे होतं.

"ताई, पाया पडतो. एकदाच."

"मी कशाला हसू?" मी म्हटलं. "माझं हसू आहे की तुझ्याकडं. तेच लाव."

काठी घेतली आणि उठले. लुगडं तसंच अंगावर. कुणी अडवलं नाही. दिवाणखान्यातून, माझ्या फोटोजवळून, दाराशी आले. पायऱ्या होत्या, गुडघा वाकत नव्हता, म्हणून एकेक पाय जोडून उतरत होते. मागून मुकुंदाचा आवाज आला, घाबराघुबरा, ऋजुतावर ओरडत होता, "लाव गं ते! बघतेस काय, लवकर लाव! मोठ्यानं लाव!"

आणि तिनं लावलं. मी पायऱ्या उतरत राहिले आणि मागं घरात मी हसत होते, हिरड्या दाखवून, शेवटची ती घरघर येईपर्यंत, अगदी गच्चीवर हसले होते तशी. आमच्या ह्यांचा आवाज तेवढा त्यात नव्हता.